सेन्सर बदलून देता, पण कारण कधी विचारणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मधुमेह दिन आला की पुरवण्यांमध्ये चालणं, वजन, गोड कमी करणं यावर भरपूर छापून येतं. ते बहुतेक टाइप टू मधुमेहाविषयी असतं. माझ्या आठवीतल्या मुलीला टाइप वन आहे. तिच्या शरीरात इन्शुलिन तयारच होत नाही. जेवणाआधी इंजेक्शन घ्यायचंच, आणि रात्री झोपेत साखर उतरली तर, ही धास्ती कायमची. दंडावर चिकटवलेल्या, साखर सतत मोजणाऱ्या ग्लुकोज सेन्सरमुळे ती खूप कमी झाली. म्हणूनच हे सेन्सर विकणाऱ्या कंपन्यांना काही सांगायचं आहे.

अमेरिकेत या उपकरणांना आजचं रूप येण्यात रुग्णांचा आणि पालकांचा मोठा हात आहे. 2013 मध्ये न्यूयॉर्क राज्यातले सॉफ्टवेअर अभियंते जॉन कॉस्टिक यांचा छोटा मुलगा डेक्सकॉम या कंपनीचा सेन्सर वापरत होता. दर पाच मिनिटांनी साखरेचा आकडा यायचा, पण तो जवळच्या रिसीव्हरवरच दिसायचा. मूल शाळेत गेलं की आकडाही शाळेत. कॉस्टिक यांनी रिसीव्हर फोनला जोडला, आकडे इंटरनेटवर आणले आणि ते कामाच्या ठिकाणाहून मुलाची साखर पाहू लागले. इतर पालक येऊन मिळाले, त्यातून साखरेचे आकडे दुरून दाखवणारं ‘नाइटस्काउट’ उभं राहिलं आणि 2014 मध्ये सर्वांना मोफत खुलं झालं. ‘आम्ही वाट बघत बसणार नाही’ हे त्यांचं घोषवाक्य. डेक्सकॉमचंही त्याच दिशेने काम सुरू होतं, हे मान्य. पण हजारो घरांत लोक स्वतःच जोडणी करून घेत होते. गरज किती निकडीची आहे याचा याहून मोठा पुरावा कंपनीला कुठून मिळाला असता? जानेवारी 2015 मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने डेक्सकॉमच्या अशाच ॲपला मंजुरी दिली.

सिॲटलच्या डेना लुईस यांना स्वतःला टाइप वन आहे. सेन्सरच्या गजराने त्यांना जाग येत नसे. मोठा गजर बनवण्यापासून सुरुवात झाली आणि 2015 पर्यंत शरीराला जोडलेल्या पंपातलं इन्शुलिन आपोआप कमी-जास्त करणारी ‘ओपनएपीएस’ ही प्रणाली त्यांनी सर्वांसाठी खुली केली. वापरणाऱ्यांनीच लिहिलेल्या ‘लूप’ या दुसऱ्या प्रणालीवरून घडलेल्या ‘टाइडपूल लूप’ला जानेवारी 2023 मध्ये सरकारी मंजुरी मिळाली, आणि आज ‘ट्विस्ट’ नावाचा पंप त्यावर चालतो.

घरी बनवलेल्या उपकरणांची भलामण मी करत नाही. इन्शुलिनचा हिशेब चुकला तर जिवावर बेततं. तपासणी आणि मंजुरी हवीच. माझं म्हणणं आपल्याकडच्या अनुभवाविषयी आहे.

आमच्या पालकांच्या गटाला कितीतरी गोष्टी वापरून वापरून कळल्या आहेत. जून-जुलैत घामाने चिकटपट्टी सुटते, ती कोणत्या टेपने टिकते. बॅटरी वाचवण्याच्या नावाखाली फोन रात्री ॲप बंद करून टाकतो आणि गजर वाजतच नाही. त्यासाठी कोणत्या फोनमध्ये कोणती सेटिंग बदलायची. शाळेत फोनला बंदी असेल तर मुख्याध्यापकांना काय पत्र द्यायचं. ॲपच्या खाद्ययादीत ब्रेडचे नाना प्रकार सापडतात, पण ज्वारीची भाकरी, थालीपीठ, साबुदाण्याची खिचडी शोधत बसावं लागतं. उपवासाच्या दिवशी साबुदाणा साखर कशी झरझर चढवतो, हे इथल्या कोणत्याही आईला विचारा.

मुलीचा सेन्सर मुदतीआधी निघाला तेव्हा आम्ही ग्राहक सेवेला फोन केला. त्यांनी बॉक्सवरचा क्रमांक विचारला आणि नवा पाठवून दिला. वागणूक सौजन्याची होती. पण तो का निघाला, कुठे राहता, मुलगी खेळते का, पोहते का, एकही प्रश्न नाही. गटातल्या इतरांचाही अनुभव हाच. हजारो रुपये मोजून आम्ही जे शिकतो आहोत, ते कंपनीपर्यंत पोहोचतच नाही.

त्यामुळे कंपन्यांना विनंती आहे: नवा सेन्सर इथे आणण्याआधी महाराष्ट्रातल्या टाइप वन मुलांसोबत आणि त्यांच्या पालकांसोबत बसा. पुण्या-मुंबईतच नको, पावसाळ्यात रत्नागिरीला आणि मे महिन्यात चंद्रपूरलाही या. तक्रार नोंदवताना ‘का निघाला’ असा एक रकाना ठेवा आणि आलेल्या उत्तरांवर काय केलं, ते दरवर्षी जाहीर करा. ॲप मराठीत द्या. आमच्या गटातले पालक यासाठी आपला वेळ विनामूल्य द्यायला तयार आहेत.

आपली,
टाइप वन मुलीची आई, सांगली