गोलांच्या रकान्यात शून्य असलेले खेळाडू

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या क्रीडा पानावरची नामवंत मध्यरक्षकांची लेखमाला मी पहिल्या भागापासून वाचते आहे. शाळकरी मुलामुलींना फुटबॉल शिकवते, त्यामुळे तिची कात्रणं मैदानावरही घेऊन जाते. मुलं ती आवडीनं वाचतात. रविवारच्या भागात क्लॉड माकेलेलेवर जे छापून आलं, ते वाचून मात्र वाईट वाटलं. चौकटीत 'फ्रान्सकडून सामने ७१, गोल ०', सोबत 'मेहनती खेळाडू' हे विशेषण, आणि संपलं. त्याच पानावर झिदानला भरपूर जागा होती. ती त्याला मिळायलाच हवी. पण झिदानला पुढे निर्धास्त खेळता आलं ते ज्याच्यामुळे, त्याची कारकीर्द गोलांच्या आकड्यावर आटोपणं हा त्या खेळाडूवर आणि वाचकांवरही अन्याय आहे. मी स्वतः गुडघा साथ देईनासा होईपर्यंत याच जागेवर, म्हणजे बचावात्मक मध्यरक्षक म्हणून खेळले. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

माकेलेलेचा जन्म १९७३ सालचा, किन्शासाचा. लहानपणीच तो कुटुंबाबरोबर फ्रान्समध्ये आला. नाँत क्लबमध्ये तो घडला तो उजव्या बाजूने पुढे धावणारा खेळाडू म्हणून. १९९५ मध्ये नाँतने फ्रेंच लीग जिंकली, आणि त्या अख्ख्या लीगमध्ये तो संघ एकदाच हरला. मग एक वर्ष मार्सेय, आणि १९९८ मध्ये स्पेनमधला सेल्टा व्हिगो. मधल्या फळीच्या तळाशी त्याचा खरा जम बसला तो तिथे. मार्च २००० मध्ये सेल्टाने युएफा चषकात युव्हेंटसला ४-० असं हरवलं, त्यातला पहिला गोल पहिल्याच मिनिटाला माकेलेलेने केला होता. त्याला गोल करता येत नव्हता, असा आपल्या चौकटीवरून समज होतो, म्हणून हे मुद्दाम सांगितलं. पुढे जायचं की नाही, हा त्याचा निर्णय होता. आपण पुढे गेलो तर मागे कोण उरतं, हा हिशेब त्याच्या डोक्यात सतत चालू असायचा.

२००० मध्ये रेयाल माद्रिदने त्याला घेतलं. तीन वर्षांत दोनदा स्पॅनिश लीग आणि २००२ मध्ये ग्लासगोच्या अंतिम सामन्यात चॅम्पियन्स लीग. त्या सामन्यातला झिदानचा डाव्या पायाचा व्हॉली, म्हणजे चेंडू जमिनीवर टेकण्याआधीच मारलेला फटका, सगळ्यांना पाठ आहे. संघात फिगो, राऊल, रॉबेर्तो कार्लोस. रॉबेर्तो कार्लोस कागदावर बचावपटू, पण सामन्याचा निम्मा वेळ तो प्रतिस्पर्ध्यांच्या गोलजवळ असायचा. त्याच्या मागे मोकळी पडलेली जागा कोणी सांभाळायची? या सगळ्यांपेक्षा खूप कमी पगार असलेल्या माकेलेलेने २००३ मध्ये वाढ मागितली. क्लबने ती नाकारली आणि त्याला चेल्सीला विकलं. अध्यक्ष फ्लोरेन्टिनो पेरेझ यांनी त्यानंतर जे सांगितल्याचं सगळीकडे छापून आलं, त्याचा आशय असा की, याची उणीव भासणार नाही, याचं तंत्र बेताचं आहे, आणि याचे बहुतेक पास मागे नाहीतर आडवे जातात. त्याच उन्हाळ्यात बेकहॅम आला.

पुढचे तीन मोसम रेयालला ना लीग मिळाली, ना चॅम्पियन्स लीग. याचं सगळं कारण एक माकेलेले, असं मी म्हणणार नाही. प्रशिक्षक व्हिसेंटे डेल बोस्के आणि कर्णधार हिएरो हेही त्याच वेळी गेले होते. पण २००४ च्या वसंतात काय झालं ते पाहा. मोनॅकोविरुद्ध घरच्या मैदानावर ४-२ जिंकलेला संघ परतीच्या सामन्यात ३-१ असा हरून, एकूण गोल ५-५ असे बरोबरीत असूनही, परक्या मैदानावरच्या गोलांच्या तेव्हाच्या नियमाने चॅम्पियन्स लीगमधून बाहेर पडला, आणि लीगचे शेवटचे पाच सामने ओळीने हरला. उजवी बाजू फिगोकडे असल्यामुळे बेकहॅमला मधोमध खेळवलं जात होतं. तो जीव तोडून धावत होता, हे मी पाहिलं आहे. पण ज्या जागेवर आधी उभं असायला हवं, तिथे धावत जाऊन पोहोचण्याला उशीरच म्हणतात.

इकडे चेल्सीत २००४ मध्ये जोसे मोरिन्यो आले. इंग्लंडमध्ये तेव्हा बहुतेक संघ ४-४-२ खेळत, म्हणजे मधोमध दोन खेळाडू. मोरिन्योंनी तीन ठेवले आणि तिसरा, सगळ्यांत मागे, माकेलेले. समोरच्या दोघांनी लॅम्पार्ड आणि त्याच्या जोडीदाराला धरलं की माकेलेले मोकळा. त्याला धरायला एकजण पुढे आला की लॅम्पार्ड मोकळा. गणित इतकं सरळ होतं, पण ते चालवायला माणूस तसाच शांत डोक्याचा लागतो. २००४-०५ मध्ये चेल्सीने ३८ सामन्यांत फक्त १५ गोल खाल्ले. प्रीमियर लीगमधला तो विक्रम अजून अबाधित आहे. श्रेय बचावपटूंचं आणि गोलरक्षक चेकचंही आहेच. पण तिथले लोक त्या जागेलाच 'माकेलेले रोल' म्हणू लागले, हेही तितकंच खरं.

त्या मोसमातला एक प्रसंग आपल्या लेखात असायला हवा होता. मे २००५, चार्ल्टनविरुद्धचा घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना, करंडक त्याच दिवशी हाती येणार होता. अगदी अखेरीला पेनल्टी मिळाली आणि सहकाऱ्यांनी ती माकेलेलेला दिली. गोलरक्षकाने फटका अडवला, परत आलेला चेंडू त्याने कसाबसा आत ढकलला आणि सगळा संघ त्याच्या अंगावर धावून गेला. चेल्सीसाठी तो त्याचा पहिला गोल. पेनल्टी कोणाला द्यायची हे ड्रेसिंग रूमला नीट ठाऊक होतं. बार्सिलोनात हाव्हिएर माशेरानोच्या बाबतीतही हेच झालं. सात वर्षं तिथे घालवल्यावर एप्रिल २०१७ मध्ये ओसासुनाविरुद्ध त्याला पेनल्टी दिली गेली, आणि क्लबसाठीचा त्याचा एकुलता एक गोल झाला.

आता या जागेवर माणूस नेमकं करतो काय, ते सांगते. आपला बॅक पुढे धावला की त्याच्या मागची जागा भरायची. दोन सेंटर बॅक एकमेकांपासून लांब गेले की मधे उतरायचं. चेंडू आपल्याकडे येण्याआधी खांद्यावरून मागे पाहून घ्यायचं, कारण चेंडू पायात आल्यावर पाहणाऱ्याला उशीर झालेला असतो. आपला संघ हल्ला करत असतानाच, चेंडू हरवला तर समोरचे पहिला पास कोणाला देतील, हे ओळखून त्या वाटेत उभं राहायचं. वाट बंद दिसली की पास दिलाच जात नाही. आणि जो पास दिलाच गेला नाही, त्याची नोंद कुठल्याच तक्त्यात होत नाही. माझी खरी तळमळ इथे आहे. हल्ली टॅकल (पाय घालून चेंडू काढून घेणं) किती, चेंडू किती वेळा हिसकावला, याचेही आकडे येतात. तेही अपुरेच पडतात. झाबी अलोन्सोने एका मुलाखतीत सांगितलं होतं की लिव्हरपूलमधली लहान मुलं स्वतःचा गुण म्हणून 'टॅकलिंग' लिहायची, तेव्हा त्याला नवल वाटायचं. टॅकल हा शेवटचा उपाय आहे, असं त्याचं म्हणणं. मलाही अनुभवाने तेच पटलं आहे. जो नीट उभा आहे, त्याला जमिनीवर घसरावं लागत नाही.

माझ्या पंधरा वर्षांखालील संघातल्या एका मुलीला मी विंगवरून काढून या जागेवर आणलं. सामन्यानंतर तिचे वडील मला गाठून विचारू लागले, "मॅडम, तिचं काही चुकलं का? आज ती दिसलीच नाही." त्यांचा चेहरा पडलेला होता. एका पालकाने मोबाइलवर सामना टिपला होता, तो मी त्यांना दाखवला आणि म्हटलं, दहा मिनिटं चेंडूकडे पाहू नका, फक्त समोरच्या संघाच्या दहा नंबरकडे, म्हणजे त्यांचे हल्ले रचणाऱ्या मुलीकडे पाहा. ती दहा नंबरची मुलगी हात वर करून चेंडू मागत होती आणि तो तिला मिळत नव्हता. शेवटी कंटाळून ती पार स्वतःच्या बचावफळीजवळ जाऊन चेंडू घेऊ लागली. "ती इतकी मागे कोणामुळे गेली?" असं विचारल्यावर त्यांनी तो भाग पुन्हा लावायला सांगितला. त्यांना ते कळायला दहा मिनिटं पुरली. आपल्या वाचकांनाही ते नक्कीच कळेल. कोणीतरी दाखवायला मात्र हवं.

या कारकिर्दीची किंमतही मोठी असते. हल्ला उधळायला चुकीच्या वेळी पाय घालावा लागतो आणि पिवळं कार्ड मिळतं. एप्रिल २०१४ मध्ये रेयालने म्युनिकमध्ये बायर्नला ४-० हरवलं, पण त्याच सामन्यात रेयालच्या अलोन्सोला कार्ड मिळालं आणि साठलेल्या कार्डांमुळे त्याचा चॅम्पियन्स लीगचा लिस्बनमधला अंतिम सामना हुकला. तो सूट घालून प्रेक्षकांत बसला होता. बेलने जादा वेळेत गोल केल्यावर तो तिथून धावत मैदानाच्या कडेला आला. १९९९ च्या चॅम्पियन्स लीग उपांत्य सामन्यात तुरीनमध्ये मँचेस्टर युनायटेडच्या रॉय कीनचंही तसंच झालं. फरक इतकाच की, अंतिम सामना हुकणार हे माहीत असूनही उरलेला सामना तो ज्या जिद्दीने खेळला, ती आजही उदाहरण म्हणून सांगितली जाते.

या जागेने खेळाडूला दिलेली देणगी मात्र आयुष्यभर पुरते. सगळं मैदान समोर ठेवून वर्षानुवर्षं खेळल्यामुळे इथले खेळाडू पुढे प्रशिक्षक म्हणून चमकतात. दिदिए देशाँ १९९८ मध्ये कर्णधार म्हणून आणि २०१८ मध्ये प्रशिक्षक म्हणून विश्वविजेता ठरला. पेप गार्डिओला १९९२ च्या बार्सिलोनात याच जागेवर होता. अलोन्सोच्या लेव्हरकुसेनने २०२३-२४ ची जर्मन लीग एकही सामना न हरता जिंकली. आणि बार्सिलोनाच्या दुय्यम संघातून सर्जिओ बुस्केट्सला २००८ मध्ये वर आणलं ते गार्डिओलानेच. आपण ज्या जागेवर खेळलो, तिथला मुलगा त्याने ओळखला. बुस्केट्स पुढे स्पेनकडून १४३ सामने खेळला आणि त्यात त्याचे गोल आहेत दोन. आपल्या चौकटीत त्याची काय नोंद होईल?

२०२४ मध्ये याच जागेवर खेळणाऱ्या मँचेस्टर सिटीच्या रॉड्रीला बॅलन डी'ओर, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार मिळाला, तेव्हा मला मनापासून आनंद झाला. पुरस्कार घ्यायला तो कुबड्या घेऊन आला होता, कारण सप्टेंबरमध्ये आर्सेनलविरुद्ध त्याच्या गुडघ्याचा लिगामेंट तुटला होता. फार सामने खेळावे लागतात, खेळाडू संपाच्या विचारात आहेत, असं त्याने त्याच्या काही दिवस आधीच बोलून दाखवलं होतं. तो खेळला अशा ओळीने ७४ सामन्यांत सिटी अपराजित राहिली होती. तो गेल्यावर शरद ऋतूतच हा संघ सलग पाच सामने हरला. उलट उदाहरणही सांगते, कारण ते माझ्या म्हणण्याला पुष्टीच देतं. त्याच वर्षी युरोच्या अंतिम सामन्यात रॉड्री मध्यंतरालाच जखमी होऊन बाहेर गेला आणि तरी स्पेन जिंकलं. त्याच्या जागी मार्टिन झुबिमेंडी आला होता, तसाच घडलेला, तीच कामं ठाऊक असलेला. ती जागा स्पेनने रिकामी राहू दिली नाही.

संपादक महाशय, माझ्या विनंत्या साध्या आहेत. लेखमालेच्या पुढच्या भागांत या जागेवरचा खेळाडू आला तर गोल आणि असिस्ट (गोलाआधीचा पास) यांच्या चौकटीऐवजी, तो खेळत असताना आणि नसताना संघाने किती गोल खाल्ले, हे द्यावं. त्याच्या एखाद्या सामन्यातला एक प्रसंग आकृती काढून दाखवावा: चेंडू कुठे होता, तो कुठे उभा होता, आणि कोणता पास त्यामुळे दिला गेला नाही. अशी आकृती आपल्या चित्रकारांना अवघड नाही. क्रिकेटच्या क्षेत्ररचनेच्या आकृत्या आपण नेहमी उत्तम छापता. आणि २००६ च्या विश्वचषकासाठी निवृत्तीतून परत येऊन फ्रान्सला बर्लिनच्या अंतिम सामन्यापर्यंत नेण्यात झिदान आणि थुराँबरोबर माकेलेलेही होता, तो उल्लेख राहून गेला आहे. तो पुढच्या रविवारी जरूर करावा. माझ्या संघातली सहा नंबरची, म्हणजे याच जागेवर खेळणारी मुलगी ते पान वाचणार आहे.

आपली,
एक नियमित वाचक आणि फुटबॉल प्रशिक्षक