डिस्कसची पिल्लं, नुसती काच आणि तुझी हिरवी टाकी

रामबाग, इंदूर
डिसेंबर

प्रिय अंजू,

सप्रेम नमस्कार.

परवा तुझा फोन आला तेव्हा एका हातात सायफनची नळी होती आणि गॅसवर दूध चढलं होतं, म्हणून धड बोलता आलं नाही. मेसेजमध्ये तुकड्यातुकड्यानं लिहायचा हा विषय नाही, तेव्हा पत्रच लिहायला बसले. फोटो बघितले गं. चार फुटी टाकी, खाली काळी माती, पुढे गवताचा गालिचा, मागे लाल पानं, मधोमध लाकूड. दिसतंय झकास. आणि आता त्यात डिस्कस माशाची दोन-दोन इंचांची सहा पिल्लं सोडायची म्हणतेस. सोडू नकोस. निदान आत्ता तरी नको.

तुझं म्हणणं असं की तळाला माती-झाडं नसलेली, नुसत्या काचेची टाकी म्हणजे दवाखान्याची खोली, अमेझॉनच्या माशाला झाडंझुडपं हवीत. पण अमेझॉनमध्ये हा मासा राहतो तिथं आपल्या मनातली हिरवळ नसतेच. पावसाळ्यात नदी जंगलात शिरते, ओसरली की काठाला पडलेली झाडं, फांद्या, मुळं उरतात आणि त्या गचपणात हे कळपानं उभे असतात. हेकेल नावाच्या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञानं १८४० मध्ये ज्याला सिम्फायसोडॉन डिस्कस म्हटलं, तो मासा अमेझॉनच्या रिओ निग्रो या उपनदीच्या काळपट, आम्लधर्मी पाण्यात सापडतो. तिथं ऊन फार खाली पोचत नाही, तर हिरवा गालिचा कुठला? शिवाय तुझ्या पिल्लांनी अमेझॉन बघितलेलाच नाही. त्यांच्या कित्येक पिढ्या टाकीतच वाढल्यात, आणि बहुतेक पैदास करणारे नुसत्या काचेच्या टाकीतच वाढवतात. दुकानदारानं तुला माशांच्या जोडीला मातीच्या पिशव्याही विकल्या, हे त्याचं कौशल्य!

खरा प्रश्न खाण्याचा आहे. ही पिल्लं सुरुवातीला आईबापांच्या अंगावरचा चिकट स्राव खाऊन जगतात. दोघांच्या अंगाला लुचत राहतात, आणि आईला कंटाळा आला की ती एक झटका देऊन सगळी बापाकडे पाठवते. मग आर्टेमिया नावाचे कोळंबीसारखे बारीक जीव, मग फ्रोझन ब्लडवर्म म्हणजे गोठवलेल्या लाल अळ्या, बारीक दाणे. दोन इंचांच्या पिल्लाला दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं द्यावं लागतं, कारण त्याच्या वाढीचे दिवस हेच. पहिल्या वर्षात जे मिळालं नाही ते पुढे कितीही खाऊ घातलंस तरी भरून निघत नाही. खुरटलेला डिस्कस लगेच ओळखू येतो: अंग लहान आणि डोळे मोठ्या माशाचे. गोल ताटलीसारखा व्हायचा तो लांबट राहतो. सहापैकी दोघं दांडगे निघतात, बाकीच्यांना हाकलतात, आणि हाकललेलेच आधी मागे पडतात.

जुने लोक बीफ हार्ट देतात. आपल्या घरच्या फ्रीजमध्ये ते येणं शक्यच नाही, आणि नाही आलं म्हणून काही अडतही नाही. मी कोळंबी सोलून, थोडा वाफवलेला पालक घालून मिक्सरमधून काढते, पिशवीत पातळ थापून गोठवते आणि रोज त्याचा तुकडा मोडते. सासूबाईंनी त्यासाठी मिक्सरचं भांडं वेगळं काढून दिलंय आणि त्यावर लाल धागा बांधलाय!

आता हे सगळं तुझ्या मातीवर पडलं तर? डिस्कस तोंडानं पाण्याची फुंकर मारून तळातलं खाणं उडवतो आणि मग टिपतो. काचेवर पडलेला कण तो अर्ध्या तासानंही शोधून खातो. गवतात अडकलेला कण त्याच्याही हाती लागत नाही आणि तुझ्याही. सायफन लावलास तर माती वर येते, मुळं उपटतात. तू म्हणशील, झाडं अमोनिया आणि नायट्रेट शोषतात की. शोषतात, अगदी खरं. पण कुजणारी कोळंबी झाडं उचलून नेत नाहीत. ती कुजते, जिवाणू वाढतात, आणि पिल्लांच्या कल्ल्यांवर आणि आतड्यांवर त्याचा भार येतो.

पिल्लांना पाणी २९-३० अंश हवं. तुझं गवत आणि लाल पानं त्या उष्णतेत वितळायला लागतील. पाणी तापलं की त्यात कार्बन डायऑक्साइडही कमी विरघळतो. झाडांसाठी दिवे वाढवलेस तर मासे कोपऱ्यात दडतील, आणि इतक्या खाण्यावर शेवाळाचं फावेल ते वेगळंच. मग माणूस काय करतं? झाडं वाचवायला पाणी २६ वर आणतं आणि खाणं दिवसातून दोनदा करतं. टाकी छान दिसते, मासेही मरत नाहीत, फक्त वाढत नाहीत. मला भीती आहे ती याचीच, कारण ते चार महिने कळतच नाही.

माझ्याकडे पिल्लांची टाकी अडीच फुटी आहे, तळ मोकळा. सकाळी दिवा लावायच्या आधी मी नुसती खाली बघते. रात्रीची विष्ठा तळावर पडलेली असते: गडद, तुटक असेल तर पोट ठीक. पांढरा, लांब, सुतासारखा धागा दिसला तर आतड्यात परजीवी असल्याची शंका घ्यायची आणि त्या माशावर नजर ठेवायची. मातीत हा धागा तुला कधी दिसणारच नाही. पुढे औषध द्यायचं म्हटलं तरी मोकळ्या टाकीत पाण्याचं माप कळतं, मिठाचा डोस देता येतो. मीठ झाडांना सोसत नाही. मग नळी लावून तळ झाडते, निम्मं पाणी काढते. सगळं मिळून पाव तास. माझ्या मते मोकळ्या तळाचा अर्धा फायदा या पाव तासातच आहे.

पण नुसती काच म्हणजे सगळं आलबेल असंही नाही. खालून काच चमकते आणि पिल्लं आपल्याच प्रतिबिंबाला बिचकतात, म्हणून तळाला बाहेरून फिका निळा कागद लाव. काळा लावू नकोस. तुझ्या पिल्लांतले तीन पिजन ब्लड जातीचे दिसतायत, काळ्या पार्श्वभूमीवर त्यांच्या अंगावर मिरपूड सांडल्यागत ठिपके येतात. दुसरं म्हणजे, माती नसली की उपयोगी जिवाणूंना राहायला फक्त फिल्टरचा स्पंज उरतो. म्हणून दोन स्पंज फिल्टर ठेव, एका वेळी एकच धू, आणि तोही टाकीतून काढलेल्या पाण्यात. नळाखाली धरलास तर जिवाणू क्लोरिननं मरतील आणि दुसऱ्या दिवशी अमोनिया चढेल. पीएच एकानं वाढला की त्यातला विषारी भाग जवळजवळ दहापट होतो, आणि आपलं पाणी तर आठला टेकतं.

पाण्याचं तुला आठवतच असेल. जलूदहून सत्तर किलोमीटर चढवून आणलेली नर्मदा एक दिवसाआड येते, तेव्हा भरून ठेवणं आपल्या हाडात आहे. टेरेसवरच्या ड्रममध्ये एअरस्टोन घालून मी ते दिवसभर तसंच ठेवते. क्लोरिन उडतो, आणि पाइपातल्या पाण्याचा पीएच हवा लागून जिथं थांबायचा तिथं थांबतो. ताजं पाणी सरळ ओतलंस तर उष्णता आणि पीएच दोन्हींचा धक्का बसतो. पुण्यात तुझ्याकडे टँकरचं पाणी मिसळतं, म्हणून दर खेपेला पाणी तपासायचं किट लावून बघ. आरओच्या मागे मात्र लागू नकोस. मऊ पाण्याची खरी गरज अंडी फलित होताना पडते, वाढत्या पिल्लांना क्षार लागतातच. त्यांना स्थिर पाणी हवं, मग ते जरा जड असलं तरी चालतं.

इथं सध्या थंडी कडाक्याची आहे, रात्री खोलीत स्वेटर लागतो. एका मोठ्या हीटरऐवजी दोन छोटे लाव. एक अडकून चालूच राहिला तरी मासे उकडत नाहीत, आणि एक बंद पडला तरी गारठत नाहीत.

तुझी हिरवी टाकी मोडू नकोस. त्यातलं गवत तेवढं काढ आणि सोर्ड, व्हॅलिस्नेरिया, क्रिप्टोकोरिन लाव, ही झाडं ऊब सोसतात. लाकडाला अॅन्युबियस आणि जावा फर्न बांध. तोवर टाकी मुरेल. पिल्लं पाच इंचांच्या आसपास आली, खाणं दिवसातून दोन-तीनदा पुरायला लागलं, की सगळी एकदम तिकडे हलव, एकेक नको. आणि तोवर काचेकडे बघवत नसेल तर मातीच्या कुंडीत एखादा सोर्ड लावून पिल्लांच्या टाकीत ठेव. सायफन करताना उचलून बाजूला ठेवता येतो, आणि बुजलेल्या पिल्लाला मागे दडायला जागा होते.

काकूंना नमस्कार सांग.

तुझीच,
सुमा

ता. क. : जो काळपट पडून कोपऱ्यात उभा आहे म्हणालीस, त्याचा बाजूनं फोटो पाठव, डोळा आणि पोट दोन्ही दिसेल असा. तोवर कुणी सांगितलं म्हणून औषध घालू नकोस, पाणी बदल आणि ३० अंशांवर ठेव.