स्फोट पुरे, इंजिन दाखवा

महोदय,

माझी सगळी नोकरी विमानांच्या इंजिनदुरुस्तीत गेली, त्यामुळे हवाई युद्धांवरचा टीव्ही कार्यक्रम मी सहसा चुकवत नाही. पूर्वी त्यांत दुसऱ्या महायुद्धातले वैमानिक, फिटर स्वतः बोलायचे. ती पिढी आता जवळपास संपली आणि पडद्यावर उरले संगणकी स्फोट व कर्कश संगीत.

तरुणांना इतिहास नको असतो, हे मला मुळीच पटत नाही. माझा नातू सिम्युलेटरवर स्पिटफायर हे त्या युद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान उडवतो. नाक झटकन खाली दाबलं की इंजिन का गचकतं, हे त्याने मला विचारलं. 1940 मध्ये वैमानिकांना नेमकं हेच छळत होतं! स्पिटफायरच्या मर्लिन इंजिनाच्या कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल वर उसळायचं; थेट इंधन फवारणीचं जर्मन मेसरश्मिट 109 विमान मात्र सूर मारून निसटायचं. 1941 मध्ये फार्नबरोच्या ब्रिटिश विमान संशोधन केंद्रातल्या अभियंता बिअ‍ॅट्रिस शिलिंग यांनी इंधनमार्गात भोकाची छोटी चकती बसवून हे गचकणं बरंच कमी केलं. त्यासाठी बाई स्वतः हवाई तळांवर फिरल्या.

यावर तासाभराचा कार्यक्रम सहज होईल. वाहिन्यांनी तो करावा, ही कळकळीची विनंती.

– एक निवृत्त विमान तंत्रज्ञ