बंडू रविवारी घरीच राहील

चि. दादा यास,

अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी बंडूला मामांकडे पाठवावे का, असे परवा फोनवर तू जे विचारलेस त्याचे उत्तर मी त्याच वेळी दिले नाही, कारण बंडू ओसरीवर बसून होता आणि त्याच्याविषयीच्या गोष्टी, तो जणू तिथे नाहीच असे धरून, त्याच्यासमोर बोलायच्या नाहीत हा आपल्या घरचा नियम तुलाही ठाऊक आहे. म्हणून पत्र लिहितो. येत्या रविवारी मुलीकडची मंडळी घर पाहायला येतील तेव्हा बंडू घरीच राहील. तुझ्या भावाला ऑटिझम आहे, हे लपवायचे नाही. त्याला दोन दिवस मामांकडे पाठवण्याची सूचना मुळात मोठ्या बाबांची आहे, हे तुझ्या बोलण्यावरून माझ्या लक्षात आले. त्यांच्या मनात वाईट काही नाही. जुळत आलेली सोयरीक मोडू नये, एवढेच त्यांना वाटते. परंतु येणारी मुलगी या घरात आयुष्य काढणार आहे आणि तिचा दीर तिला पहिल्याच दिवाळीत दिसणार आहे. त्या वेळी तिने आपल्याविषयी काय समजावे, याचा विचार मोठ्या बाबांनी केलेला दिसत नाही.

पाहुणे प्रश्न विचारतील, आणि ते तुलाच विचारतील, कारण नवऱ्या मुलाच्या बापाला असे प्रश्न तोंडावर विचारण्याची आपल्याकडे पद्धत नाही. त्यातला पहिला प्रश्न 'हे रक्तात आहे का' हा असेल. त्याला 'नाही, नाही' असे घाईघाईने उत्तर देऊ नकोस, कारण ते खोटे ठरेल. ऑटिझममध्ये आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, हे १९७७ मध्ये इंग्लंडमधल्या फोलस्टीन आणि रटर या दोघांनी जुळ्या मुलांचा अभ्यास करून दाखवले होते. त्यांनी जुळ्यांच्या एकवीस जोड्या तपासल्या. एकाच बीजापासून झालेल्या अकरा जोड्यांपैकी चार जोड्यांत दोन्ही भावंडांना ऑटिझम होता, तर वेगवेगळ्या बीजांपासून झालेल्या दहा जोड्यांपैकी एकीतही तसे आढळले नाही. पुढच्या मोठ्या अभ्यासांनी हीच दिशा पक्की केली. आता तुझ्या बाबतीत नेमके काय, तर स्वीडनमध्ये आठ लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासून २०२० मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात काका, आत्या, मामा किंवा मावशी यांपैकी कोणाला ऑटिझम असेल तर शंभरातील तीन ते पाच मुलांमध्ये तो आढळतो, एरवी हे प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास असते, असे दिसले. शक्यता वाढते, पण शंभरातली निदान पंचाण्णव मुले तशी नसतात. हा हिशेब जसाच्या तसा त्यांच्यापुढे ठेव. जे स्थळ एवढे ऐकून परत फिरेल, ते फिरू दे.

दुसरा प्रश्न कोणी विचारणार नाही, तो फक्त तुझ्या आईकडे पाहून मनात ठेवला जाईल. तिने दिवस गेले असताना ग्रहण पाहिले, ती शेतावर जात होती आणि पोराकडे लक्ष नव्हते, ती त्याच्याशी बोलली नाही, असे काय काय तिने या गावात ऐकले आहे ते तुला सर्व ठाऊक नाही, कारण तू तेव्हा लहान होतास. हे अडाणीपणाचे बोलणे आहे असे समजून सोडून द्यावे, तर एका शिकल्यासवरल्या डॉक्टरांनीही तिला 'घरात बोलणे कमी असेल' असे सुनावले होते. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये अकरा मुलांचे वर्णन करून ऑटिझमला वैद्यकशास्त्रात जागा मिळवून दिली, आणि त्यानंतर पुष्कळ वर्षे अमेरिकेतील नामांकित तज्ज्ञसुद्धा आईच्या कोरड्या वागण्यामुळे मूल असे होते, असेच सांगत राहिले. त्या सिद्धांताला १९६४ मध्ये पहिला मोठा धक्का दिला तो बर्नार्ड रिमलँड यांनी. ते मानसशास्त्रज्ञ होते आणि ऑटिझम असलेल्या मुलाचे वडीलही होते, हे मला नेहमीच महत्त्वाचे वाटत आले आहे. ऑटिझम ही मेंदूच्या घडणीतली गोष्ट असून ती बहुतांशी जन्माआधीच ठरते. पाच माणसांत कोणी वेडेवाकडे बोललेच, तर हे एवढे वाक्य आईच्या आधी तू बोल, कारण तिने स्वतःची बाजू स्वतःच मांडत राहावी हे बरे दिसत नाही.

लसीचा विषय निघाला तर तो मात्र लगेच मिटवता येतो. २०१८ च्या अखेरीस शाळांमधून गोवर-रुबेलाची मोहीम आली तेव्हा मी मुख्याध्यापक होतो, आणि 'गुरुजी, आमचं पोरगं बंडूसारखं झालं तं?' असे माझ्या तोंडावर विचारणारे पालक मी पाहिले आहेत. या समजाचे मूळ १९९८ मध्ये लंडनच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात आलेल्या अँड्र्यू वेकफिल्ड यांच्या लेखात आहे. त्या लेखाचा सगळा आधार फक्त बारा मुलांचा होता. २०१० मध्ये साप्ताहिकाने तो मागे घेतला आणि त्याच वर्षी वेकफिल्ड यांचे नाव डॉक्टरांच्या यादीतून काढून टाकण्यात आले. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून अधिक मुलांची पाहणी होऊन २०१९ मध्ये तिचे निष्कर्ष आले, आणि लस घेतलेल्या मुलांमध्ये ऑटिझम अधिक असल्याचे त्यात आढळले नाही. शिवाय त्या लेखात संशय होता तो गोवर, गालगुंड आणि रुबेला यांच्या एकत्रित लशीवर. आपल्या उपकेंद्रात बंडूला मिळाली ती नुसत्या गोवराची. तुला मुले होतील तेव्हा त्यांच्या सर्व लशी वेळेवर झाल्या पाहिजेत, हे आताच सांगून ठेवतो.

गावातले गैरसमज दोन टोकांचे आहेत आणि मला दोन्हींचा सारखाच त्रास होतो. एका टोकाला बाहेरची बाधा, करणी, अंगात येणे आणि त्यावरचे उतारे. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ मध्ये झाला तरी असे सल्ले देणारे काही कमी झाले नाहीत. दुसऱ्या टोकाला त्याला अवलिया समजणारे लोक. तो कोणाकडे पाहत नाही, पैशाला हात लावत नाही, एकटाच हसतो, यावरून मागे एका बाईंनी चक्क त्याच्या पायावर डोके ठेवले होते आणि तो बिचारा घाबरून गोठ्यात जाऊन बसला. शहरात याच दुसऱ्या टोकाची सुधारलेली आवृत्ती आहे, ती म्हणजे अशा प्रत्येक मुलात काहीतरी अद्भुत बुद्धी दडलेली असते ही समजूत. तुझा एखादा मित्र कौतुकाने विचारील, 'मग त्याला गणित किंवा गाणे येते का?' बंडूला गणित येत नाही, दिशा लक्षात राहत नाहीत, आणि दहाची व शंभराची नोट त्याच्या लेखी सारखी आहे. वेचून आणलेल्या कापसातून कवडी, म्हणजे किडका कापूस, बाजूला काढण्याचे काम तो कंटाळा न करता, आपल्या मजुरांहून स्वच्छ करतो, हे खरे; पण ते त्याचे काम आहे, त्याला चमत्कार म्हणण्याचे कारण नाही. तो बावीस वर्षांचा आहे, त्याला आयुष्यभर कोणाची तरी सोबत लागणार आहे, आणि हे पाहुण्यांना साध्या शब्दांत सांगण्यात कमीपणा नाही.

'लग्न लावून द्या, सुधरेल' असे सांगणारे आणि उपचाराचा दावा करणारे यांना मी एकाच पंगतीत बसवतो. ऑटिझम बरा करणारे औषध नाही. बोलण्याची, रोजच्या व्यवहाराची, हातांच्या हालचालींची शिकवण लहानपणापासून मिळाली तर मूल पुष्कळ पुढे जाते, आणि आपल्याला ती मिळवण्यासाठी नागपूर गाठावे लागले. पण स्टेम सेलच्या, म्हणजे मूळ पेशींच्या उपचाराच्या, नावाखाली लाखो रुपये मागणारा एक माणूस आपल्या दारातही येऊन गेला होता आणि नाल्याकडचा तुकडा विकावा असा सल्ला तेव्हा जवळच्याच नातलगांनी दिला होता. रक्ताच्या काही आजारांखेरीज असे उपचार संशोधनाबाहेर करू नयेत, असे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटले आहे. तो तुकडा आज शाबूत आहे आणि यंदा त्यात तूर बरी झाली.

आता रविवारचे. बंडू पाहुण्यांच्या डोळ्यांत पाहणार नाही, त्याचा अर्थ त्याला माणसे नकोत असा नव्हे. आजी गेली तेव्हा तो रडला नाही, त्याने वेळेवर जेवण मागितले, आणि लोक म्हणाले की याला काळीज नाही. त्यानंतर कित्येक दिवस तो संध्याकाळी गडवा भरून तिच्या रिकाम्या खाटेखाली ठेवीत असे, आणि कोणी उचलला तर पुन्हा भरून आणी. ज्यांनी काळीज नाही म्हटले, त्यांच्यापैकी कोणी ते पाहायला थांबले नव्हते.

त्याच्या बोलण्याचा थोडा खुलासा आधीच करून ठेव. तहान लागली की तो 'पाणी देऊ का?' असे विचारतो, कारण पाणी मिळते त्या वेळी त्याच्या कानावर पडलेले वाक्य तेच आहे. गर्दीचा वीट आला की 'उद्या शाळेला सुटी आहे' असे म्हणतो, आणि त्याचा अर्थ आता सर्वांनी घरी जावे असा असतो. पाहुण्यांपैकी कोणी त्यावर 'उद्या कशाची सुटी रे?' असे विचारले तर तो तेच वाक्य अधिक मोठ्याने म्हणेल. त्या वेळी त्याला परसात नेणे तुझ्याकडे. आवाजांचेही तसेच आहे. ज्याला कुकरची शिट्टी सहन होत नाही तो धडधडणाऱ्या कूलरपुढे गाढ झोपतो, याचे लोकांना नवल वाटते आणि यात त्यांना नाटक दिसते. परंतु कूलरचा आवाज एकसारखा असतो, तर शिट्टी केव्हा होईल याचा भरवसा नसतो. पोळ्याला सकाळी नाल्यावर बैल धुताना तो आनंदात असतो आणि संध्याकाळी पोळा फुटायच्या वेळी, ढोल आणि फटाके सुरू झाले की स्वतःचा हात चावतो. त्याला धाक नाही म्हणून तो असे करतो हा निव्वळ गैरसमज आहे. तो जे करतो ते त्याच्या हाती राहिलेले नसते, आणि तेव्हा रागावल्याने त्याचा त्रास वाढतो. आईने रविवारचा भात कुकरमध्ये न लावता पातेल्यात करायचे ठरवले आहे.

शेवटची गोष्ट, जी तू विचारली नाहीस पण मुलीचे वडील नक्की विचारतील: आमच्यानंतर काय. त्याच्या पहिल्या प्रमाणपत्रावर 'मतिमंद' असे लिहिले होते, कारण १९९५ च्या अपंगांसाठीच्या कायद्यातल्या सात प्रकारांत ऑटिझम नव्हता. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमातल्या एकवीस प्रकारांत तो स्वतंत्रपणे आला आणि त्याप्रमाणे आपण नवे प्रमाणपत्र व वैश्विक ओळखपत्र करून घेतले. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने अठरा वर्षांवरील अशा व्यक्तीसाठी पालक नेमण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तरीय समितीला दिला आहे. सध्या तो अर्ज माझ्या आणि आईच्या नावाने आहे. पुढचा पालक म्हणून तुझे नाव मी कोठेही लिहिलेले नाही आणि तुला व तुझ्या होणाऱ्या पत्नीला विचारल्यावाचून लिहिणारही नाही. नाल्याकडचा तुकडा त्याच्या खर्चासाठी वेगळा राहील. हे मात्र ठरलेले आहे आणि ते पाहुण्यांपासून झाकून ठेवू नये. भावाला सांभाळणे ही सुनेची नोकरी नव्हे, हे तिच्या वडिलांना मी स्वतः सांगेन.

मंडळींचे फोटो असतील तर व्हॉट्सअॅपवर पाठव, म्हणजे ते बंडूला दोन-चार दिवस आधीपासून दाखवता येतील. पाहुणे साडेदहाला येतील असे त्याला सांगितले आहे आणि तो भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत राहील. वाटेत यवतमाळला चहाला थांबून उशीर होणार असेल तर मला दहाच्या आत फोन कर.

तुझा,
बाबा