चेरीवाल्या काकूंना, सगळ्यांसमोर थँक यू

प्रिय काकू,

फोनवर थँक यू म्हटलं की तुम्ही "बरं बरं, पुरे" म्हणता आणि लगेच काकांच्या गुडघ्याचा विषय काढता, म्हणून आता लिहूनच टाकतोय, आणि मुद्दाम सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय कारण "काकू घरात दारू गाळतात म्हणे" ही कुजबुज माझ्याही कानावर आलीये. गाळत नाहीत हो कोणी! गाळणं म्हणजे भट्टी लावून वाफ धरणं, त्याचा कायदा वेगळा आणि चांगलाच कडक आहे. काकू बिअर आंबवतात. राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टरने १४ ऑक्टोबर १९७८ ला ज्या कायद्यावर सही केली त्यामुळे अमेरिकेत घरच्यापुरती बिअर करायला फेडरल कायद्याची हरकत नाही, घरात दोन मोठी माणसं असली तर वर्षाला २०० गॅलनपर्यंत, आणि तुमचं त्याच्या दहा टक्केही होत नसेल. शिवाय काका थेंबाला शिवत नाहीत, ते फक्त बाटल्यांना टोपणं लावतात, तीही रेडिओ ऐकत.

मी तुमच्याकडे आलो होतो केसर आंब्याच्या रसाचा डबा घेऊन. आंब्याची बिअर करायची, मंडळाच्या पिकनिकला न्यायची, सगळे खूश, असा सरळ प्लॅन. तुम्ही डबा हातात घेतलात, चष्मा कपाळावर चढवून मागचं लेबल वाचलंत आणि म्हणालात, "हा घरी ने, पुऱ्या कर आणि आमरस खा." मला वाटलं काकू आंब्याच्या बाबतीत कोकणी कडवेपणा करतायत. मग तुम्ही विचारलंत, "साखर काढून घेतलेला आंबा कधी खाल्लायस का रे?"

खरं सांगतो, फळांच्या बिअरबद्दल मी जेवढं काय वाचलंय त्या सगळ्यापेक्षा हा एक प्रश्न जास्त कामाचा निघाला. यीस्ट फळातली साखर जवळजवळ सगळी खाऊन टाकतं, त्यामुळे फळ निवडताना गोडी गेल्यावर मागे काय उरतं ते बघायचं. आंब्याचं निम्मं सुख गोडीत आणि त्या दाटपणात असतं, ते गेलं की वास थोडाफार राहतो आणि चव पातळ होते. आंबट चेरीतलं मॅलिक अ‍ॅसिड मात्र यीस्ट बऱ्यापैकी सोडून देतं, त्यामुळे साखर गेली तरी चेरी चेरीच राहते. रासबेरीचं तेच, पॅशनफ्रूटचं तेच, आणि मला वाटतं जांभळाचंही तसंच असणार पण ताजी जांभळं इथे आणायची कुठून. दुकानात फ्रूट बिअर म्हणून जे मिळतं त्यातलं बरंचसं सरबत लागतं, त्याचं कारणही तेव्हाच कळलं, गोडी मागून घातलेली असते. (आंबाप्रेमींनी चिडू नये, करणारे करतात, काहींची चांगलीही होते. मी काकूंच्या पार्टीत.)

"आणि ताजं फळ हवं तर जे इथे पिकतं ते घे ना," हे तुमचं दुसरं म्हणणं. आपण राहतो मिशिगनमध्ये, अमेरिकेतल्या आंबट चेरीचं बहुतेक पीक इथलं, आणि मी इतकी वर्षं इथे राहून जुलैत ट्रॅव्हर्स सिटीकडे कधी गेलोच नव्हतो. तुमच्यामुळे गेलो. चार तास गाडी, तुम्ही पुढच्या सीटवर मांडीवर दशम्यांचा डबा घेऊन, आणि ओल्ड मिशन पेनिन्सुलाचा तो रस्ता, दोन्ही बाजूंना पाणी आणि मध्ये बागाच बागा. बागवाल्या आजोबांशी तुम्ही अशा गप्पा मारत होतात की जणू माहेरचं माणूस भेटलंय. त्यांनी २०१२ चं सांगितलं, मार्चमध्येच उन्हाळ्यासारखी हवा झाली, झाडं वेळेआधी फुलली आणि मग एप्रिलात गोठवणारी थंडी, राज्याचं आंबट चेरीचं जवळपास ९० टक्के पीक गेलं. आपल्याकडे अवकाळीनं मोहोर गळतो तसंच की हे, तुम्ही लगेच म्हणालात, आणि ते त्यांना इंग्रजीत समजावून सांगितलंत, हातवारे करून.

तिथेच मला दोन जाती कळल्या. मोंमोरन्सी म्हणजे नेहमीची, लालचुटुक साल आणि आत फिकट गर, रस जवळजवळ बिनरंगी. आणि बालाटन, मूळ हंगेरीची, मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीने इकडे आणलेली, थोडी उशिरा पिकते आणि रस असा गडद की बोटं दोन दिवस सुटत नाहीत. तुम्ही म्हणालात दोन्ही घे, एकाच बिअरचे दोन भाग कर आणि तुझं तूच बघ. दुसरं कोणी असतं तर स्वतःची आवडती जात सांगून मोकळं झालं असतं.

आता ते पाकीट. वीजबिलाच्या पाकिटाच्या मागे तुम्ही पेन्सिलीने जे गणित मांडलंत ते मी फ्रिजवर लावलंय, बायको रोज विचारते हे कधी काढणार. १९ लिटर बिअरला ४ किलो चेरी, म्हणजे लिटरला २०० ग्रॅमच्या जरा वर, ब्रसेल्सकडे क्रीक म्हणजे आंबट चेरीची बिअर करणारे साधारण याच्या आसपास किंवा याहून जास्त घालतात. मी विचारलं, एवढं फळ म्हणजे बिअर किती कडक होईल? सगळ्यांना हाच प्रश्न पडतो. तर ४ किलो चेरीत साखर साधारण अर्धा किलो, पण बाकी जवळजवळ सगळं पाणीच. तो रस हायड्रोमीटरवर (द्रव पाण्यापेक्षा किती दाट ते दाखवणारी तरंगती काचेची कांडी, साध्या पाण्याचा आकडा १.०००) १.०५० च्या आसपास आणि आपली गव्हाची बिअर सुरू झाली १.०४८ वर. म्हणजे फळ घालणं हे अल्कोहोलच्या हिशेबाने तेवढ्याच ताकदीची आणखी बिअर ओतण्यासारखंच झालं, कडक वगैरे काही होत नाही! हे तुम्ही इतक्या शांतपणे लिहिलंत आणि खाली दोन रेघा मारल्यात, शाळेतल्या बाईंसारख्या. लॅबमध्ये तीस-पस्तीस वर्षं काढलेल्या बाईकडून बिअर शिकायचा हा फायदा, "अंदाजे घाल रे" हे वाक्य तुमच्या घरात ऐकूच येत नाही.

स्वच्छतेबद्दल मात्र थोडं बोलतोच. मी चेरी घुसळायला आईची लाकडी रवी आणली तेव्हा तुम्ही ती दोन बोटांत धरून परत माझ्या पिशवीत ठेवलीत. लाकडाच्या भेगांत काय काय राहतं ते तुम्ही नाश्ता चालू असताना सांगितलंत, थालीपीठ संपवणं अवघड झालं. मग स्टीलचा डाव, स्टार सॅन या जंतुनाशकाच्या पाण्यात बुडवलेला, फेस आला तरी धुवायचा नाही. आणि फ्रीझरचं! मला वाटायचं गोठवलं की जंतू मरतात. तुम्ही म्हणालात, जंतू मजेत झोपतात, गोठवायचं ते सालीतलं पाणी बर्फ होऊन पेशी फुटाव्यात आणि रस सुटावा म्हणून. जंतूंचा बंदोबस्त करायला बिअर आहे ना, पहिलं आंबवणं झालेलं, पाच टक्के अल्कोहोल, आम्लता आणि हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं), त्यात नवीन पाहुण्याला पाय रोवणं कठीण जातं. म्हणूनच फळ पहिल्या दिवशी न घालता नंतर घालायचं, आणि पहिल्या दिवसांच्या त्या जोरदार फसफसण्यात वासही उडून जातो तो वाचतो. फळ उकळायचं तर अजिबातच नाही, पेक्टिनने (फळातला जॅम घट्ट करणारा पदार्थ) बिअर गढूळ होते आणि मुरंब्याचा वास येतो. पेक्टिनचं एन्झाइम वितळलेल्या चेरीवर आधी घालायचं, कारण अल्कोहोलमध्ये ते मंदावतं, हेसुद्धा पाकिटावर कोपऱ्यात आहे.

तुमचं चित्र डोळ्यासमोर आहे ते हायड्रोमीटर वाचतानाचं. उंच नळकांडं ओट्यावर, तुम्ही स्टुलावर, डोळा बरोबर पातळीला, आधी काचेची कांडी दोन बोटांनी गर्रकन फिरवायची म्हणजे तिला चिकटलेले बुडबुडे सुटतात, मग ती स्थिर होईपर्यंत कोणी बोलायचं नाही. काकांनी रेडिओ बारीक करायचा. मग आकडा वहीत, तारीख आणि तपमानासकट. तीन दिवस तोच आकडा आला तरच बाटल्या भरायच्या, कारण फळातली साखर शिल्लक राहिली तर ती बाटलीत आंबते आणि बाटली फुटते, काच उडते, हे तुम्ही गंमत म्हणून कधीच बोलला नाहीत. एअरलॉकच्या (आतला वायू बाहेर सोडणारी बारीक भोकाची झडप) जागी ती जाड नळी लावायला लावलीत तेही त्यासाठीच, चेरीची सालं वर तरंगून बारीक भोक बुजवतात आणि मग झाकण छताला. माझ्या बेसमेंटचं छत पांढरं आहे, त्यामुळे त्या नळीबद्दल स्वतंत्र आभार.

एका बाबतीत आपलं अजून जमत नाहीये. तुम्ही म्हणता चेरी बियांसकट ठेव, अख्ख्या, न फोडता, बदामासारखा वास येतो. येतो, मान्य. पण महिनाभर ठेवल्यावर तो मला जरा जास्त वाटतो, मी तिसऱ्या आठवड्यात काढतो. आणि तुम्हाला मोंमोरन्सीची गुलाबी, टवटवीत बिअर आवडली, मला बालाटनची. तुम्ही म्हणालात रंगाला भुललास. असेल.

पुण्याहून भाऊ विचारतोय रेसिपी पाठव म्हणून, त्याला सांगितलं की बाबा तिकडे लायसन्सशिवाय घरी बिअर करणं १९४९ च्या दारूबंदी कायद्यात बसत नाही, तू मायक्रोब्रुअरीत जाऊन पी. त्याच्या बायकोला मात्र चेरीच्या मुरंब्याची कृती पाठवलीये, काकांसाठी केला होतात त्याची. वेलची थोडी कमी घाल असं मी माझ्या मनाने लिहिलं, रागावू नका.

काकू, तुम्ही माझ्याकडून यीस्टच्या पाकिटाचेसुद्धा पैसे घेतले नाहीत, जुलैच्या उकाड्यात बेसमेंटचे जिने उतरलात, आणि मी एकच प्रश्न चार वेगवेगळ्या प्रकारे विचारला तरी "सांगितलं ना मघाशी" असं एकदाही म्हणाला नाहीत. माझ्या आईने म्हटलं असतं. मनापासून थँक यू. सप्टेंबरमध्ये कॉनकॉर्ड द्राक्षं येतील तेव्हा गाडी मी काढतो, दशम्या यावेळी आमच्याकडून.

तुमचा,
बेसमेंटवाला

ता. क. : शनिवारी कार्बॉय (बिअर आंबवायची ती मोठी बाटली) आणि नळी परत द्यायला येतोय, बाटल्याही आणतोय. सोनेरी टोपणाची मोंमोरन्सी, लाल टोपणाची बालाटन. आदल्या रात्री फ्रिजमध्ये उभ्या ठेवा आणि ओतताना तळाचा गाळ बाटलीतच राहू द्या... हे मी तुम्हाला सांगतोय, कमाल आहे माझी.