कॉलेज रोडच्या टपरीवरच्या त्या दोघांचे आभार

नावं विचारायची राहूनच गेली म्हणून इथे लिहितोय. कांद्याच्या पावत्यांचं आमचं छोटं ॲप आहे, पावती नंबर १६ आकडी, आणि तीन दिवस दोन वेगवेगळ्या शेतकऱ्यांच्या पावत्या स्क्रीनवर एकच नंबर दाखवत होत्या, डेटाबेसमध्ये मात्र सगळं बरोबर, मला काही सुचेनाच. शेजारच्या बाकावरच्या ताईंनी लॅपटॉपकडे बघितलं, म्हणाल्या, ब्राउझरच्या कन्सोलमध्ये (कोड टाइप केला की लगेच उत्तर दाखवणारी खिडकी) ९००७१९९२५४७४०९९३ टाइप करून एंटर मारा. उत्तरात शेवटचा आकडा ३ ऐवजी २ आला! अंगावर काटाच आला. जावास्क्रिप्ट या प्रोग्रॅमिंग भाषेतला साधा नंबर ६४ बिटांचा फ्लोट असतो, म्हणजे ठरावीक जागेत मावेल तेवढीच अचूकता ठेवणारी संख्या, २ चा ५३ वा घात ओलांडला की सगळे पूर्णांक त्यात मावत नाहीत, जवळचा धरला जातो. मी लगेच बिगइंट (कितीही मोठे पूर्णांक अचूक ठेवणारा प्रकार) लावायला निघालो तर सोबतचे दादा म्हणाले, थांबा, जेसन (सर्व्हरकडून मजकुराच्या रूपात येणारा डेटा) पार्स होतानाच, म्हणजे वाचला जातानाच आकडा बिघडतो, नंतर बिगइंट करून काय उपयोग, सर्व्हरवरूनच नंबर स्ट्रिंग म्हणून, म्हणजे नुसता मजकूर म्हणून पाठवा, पावती नंबरची कुठे बेरीज करायचीय. तेवढंच केलं आणि रात्रीपर्यंत सगळ्या पावत्या नीट दिसायला लागल्या.

तुमचा चहा गार झाला माझ्यापायी. मनापासून थँक्यू, पुढचा चहा माझ्याकडून.