मंत्रीसाहेब, आमच्या घराचा कागद कुठंय?

मा. मदत व पुनर्वसन मंत्री, महाराष्ट्र राज्य
सप्रेम नमस्कार.

गेल्या सोमवारी आईला घेऊन एका सरकारी ऑफिसात गेले होते, सहाव्यांदा. किल्लारी भूकंपानंतर पुनर्वसनात मिळालेलं घर वडिलांच्या नावावर आहे, ते जाऊन चार वर्षं झाली, आईचं नाव लावायचंय, एवढंच काम. तिथले साहेब म्हणाले वाटपाची मूळ यादीच सापडत नाही. आणि वर, "राहताय ना घरात, मग कागदाची एवढी काय घाई?" घाई? भूकंप १९९३ चा आहे साहेब. तेव्हा माझ्या आईचे केस काळे होते.

मी नऊ वर्षांची होते. अनंत चतुर्दशीला गणपती बुडवून पोरंसोरं दमून झोपलो होतो, पहाटे ३:५६ ला सगळं कोसळलं. आमचं माळवदाचं घर, दोन हात जाड दगडमातीच्या भिंती, वर लाकडं अन् त्यावर मातीचा थर, उन्हाळ्यात गार राहतं म्हणून आजोबांना लई कौतुक. तेच अंगावर आलं. आजी, आजोबा, माझा चार वर्षांचा भाऊ गेला. मला चुलत्यानं हातानं माती उकरून काढलं, ती माती दातात कचकचते अजून. मेलेल्यांचा आकडा कुठं ७,९२८ लिहितात तर कुठं ९,७४८, म्हणजे अठराशे माणसांचा हिशेबच धड नाही.

आणि अचानक झालं म्हणू नका. १९९२ च्या ऑगस्टपासून हादरे बसत होते, ऑक्टोबरात तर मोठा बसला, लोकं तेव्हाही सांगत होती. सरकारच्या भूकंपाच्या नकाशात आम्ही सगळ्यात कमी धोक्याच्या झोन १ मध्ये. २००२ ला तो झोनच काढून टाकला अन् आम्ही झोन ३ मध्ये आलो, माणसं गेल्यावर.

पुढं जागतिक बँकेचं कर्ज आलं, ५२ गावं नव्यानं वसली, ते काम मोठं होतं, मी नाकारत नाही. आमची जमीन दोन एकर म्हणून २५० चौरस फुटांचं घर मिळालं. पण माणसं वाढतात ना साहेब, लग्नं होतात, लेकरं होतात. खोली वाढवायला बँकेत गेलं तर कागद नाही म्हणून लोन नाही. मग लोक उजाड पडलेल्या जुन्या गावातनं दगड आणतात अन् मातीत रचतात. प्लिंथला, म्हणजे जोत्याला, भिंती बांधून ठेवणारा सिमेंट-सळईचा पट्टा नाही, दारं-खिडक्यांवरच्या लिंटलला नाही, कोपऱ्यात उभी सळई नाही, भिंतीत आरपार जोडदगड नाही. वडिलांनी २०११ ला अशीच खोली काढली, त्यांना कळत नव्हतं असं नाही, स्वतःच्या लेकराला त्यांनीच दगडाखालून काढलं होतं, पण सिमेंट-सळईला पैसे नव्हते. आज आई त्याच खोलीत राहते, अन् भिंतीला कोपऱ्यापासून वरपर्यंत तडा गेलाय, माझी चार बोटं आत जातात.

१० जुलै २०२४ ला तिकडं हिंगोली-नांदेडकडं ४.५ चा धक्का बसला, टीव्हीवर बघून आईनं पावसाळ्यात अंगणात बाज टाकली. भांडं पडलं तरी ती बाहेर पळते. अडुसष्ट वय आहे तिचं.

पीकविमा असो, कर्ज असो, दाखला असो, आमच्याकडनं एक झेरॉक्स कमी पडली तर अर्ज परत येतो. सरकारनं आम्हाला द्यायचा कागद हरवला तर कुणाचा पगार थांबतो? साहेब बदलून जातात, फाईल तिथंच, नवीन साहेब पहिल्यापासून विचारतात, तुमचं गाव कोणतं.

प्रत्येक पुनर्वसित गावात कॅम्प लावा, घरं मोजा, कागद जागेवर हातात द्या. एक इंजिनिअर पाठवून वाढवलेल्या खोल्या तपासा, पट्टा-सळईपुरतं तरी अनुदान द्या. ३० सप्टेंबरला स्मृतिस्तंभावर फुलं वाहायला तुमच्यापैकी कुणीतरी येतंच. यंदा त्याच दिवशी आमच्या घरी या, आई दारातच असते, तिला विचारा ती आत का झोपत नाही.

आपली,
औसा तालुक्यातली एक भूकंपग्रस्त